तिखट, मीठ, गूळ आणि डब्बी

डब्बी कुणाच्याही घरी गेला की माणसांआधी स्विचबोर्डाला भेटत असे. माझ्या बहिणीच्या वास्तुशांतीला आला तेव्हा भटजींना नमस्कार नाही, सत्यनारायणाला नाही. सरळ भिंतीपाशी गेला आणि बोर्डावर बोटानं टकटक करून कान लावला. आईनं कौतुकानं विचारलं, "घर कसं वाटलं रे?" "मावशी, झकास. आत लोखंडी पेट्या आहेत. काही उरल्यात काय?" माझ्या मेहुण्यांनी मला त्यांचं लग्नातलं साधं घड्याळसुद्धा बघायला हातात दिलं नव्हतं. त्यांनी याला उरलेल्या पेट्या पिशवीत घालून दिल्या, वर होळग्यांचा, म्हणजे पुरणपोळ्यांचा, पुडाही दिला. जाताना आई म्हणाली, "किती गोड मुलगा आहे." मी तिचा मुलगा तिच्याशेजारीच उभा होतो.

भिंतीत स्विचबोर्ड बसवण्याआधी गवंडी जी पत्र्याची पेटी पुरतो, तिच्यावर या माणसाचं प्रेम होतं. धारवाडच्या सुभाष रोडवर हार्डवेअरच्या दुकानात ती टोपलीत ढिगानं पडलेली असे. तिच्या कडांना अर्धवट कापलेल्या गोल चकत्या असतात. जिथून वायरचा पाइप घ्यायचा तिथली चकती ठोकून पाडायची. गवंड्याला त्यात पाइप दिसे. डब्बीला गिटारची वायर दिसे. म्हणून त्याचं नाव डब्बी. खरं नाव त्याच्या वकील वडिलांना, अण्णांना, आणि लॉ कॉलेजच्या हजेरीपटाला तेवढं ठाऊक होतं; त्यातला हजेरीपट ते फारसं वापरत नसे.

आम्ही दोघं एकाच ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होतो. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. ऑर्केस्ट्राचे मालक अप्पा. हुबळीत मांडव आणि लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा त्यांचा धंदा होता; ऑर्केस्ट्रा ही हौस. मी लीड गिटार, डब्बी साथीला. लीड म्हणजे गाण्याच्या मधल्या जागेत एकट्यानं वाजवायचं, लोकांनी बघायचं. साथ म्हणजे मागं उभं राहून खराटा फिरवल्यासारखं वाजवायचं. ही विभागणी देवानंच केली आहे असं माझं मत होतं आणि डब्बीची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तिथंच मला संशय यायला हवा होता.

देवाच्या या विभागणीला आधार होता मस्कतच्या मामांनी आणलेल्या जपानी पेडलचा. पायानं दाबलं की गिटारचा साधा टणत्कार एकदम चरचरीत, लांबलचक, रडवा व्हायचा. अख्ख्या हुबळी-धारवाडात ते यंत्र माझ्याकडंच आहे, असं मी सांगत असे. कुणी खात्री करून घेतली नव्हती. त्याला सेल घालावे लागत. सेल वाचवायची अक्कल मला सुचली आणि मी आमच्या टेपरेकॉर्डरचा अडॅप्टर त्याला जोडला. टेपरेकॉर्डरच्या पिनेचं धन टोक आत असतं, जपान्याचं बाहेर, किंवा उलट. मला आजही नक्की माहीत नाही. जपानी पेडल एकदाच 'फुस्स' म्हणालं आणि फोडणी करपल्याचा वास आला. आईनं अंगणातून विचारलं, "गॅस बंद केलास का रे?"

आठवड्याभरात डब्बी तालमीला एक पत्र्याची पेटी घेऊन आला. वर झाकण म्हणून कोरी स्विचप्लेट. पायानं दाबायला टेबललॅम्पच्या वायरला असतं तसलं बटण. पेटीची भोकं गिटारच्या पिनेला मोठी होत होती, म्हणून सायकलच्या दुकानातले वॉशर लावलेले. तीन जुन्या रेडिओंची तीन वेगळी बटणं, आणि त्यांच्याखाली चिकटपट्टीवर शाईनं लिहिलेलं: तिखट, मीठ, गूळ. तिखट म्हणजे चरचर. मीठ म्हणजे आवाज लहान-मोठा. गूळ फिरवला की धार बोथट होऊन सूर गोल व्हायचा. आम्ही हसलो. मग त्यानं बटण दाबलं आणि एक सूर धरला. हसणं थांबलं. माझा जपानी रडायचा. ही पेटी रडता रडता मधेच आवंढा गिळायची.

"हे कसं केलंस?" मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"मला काय ठाऊक? एक वायर चुकून उलटी लागली, तर बरं वाजलं. मग तशीच ठेवली."

हे मला सर्वांत झोंबलं. तो अभ्यास करून, घाम गाळून पुढं गेला असता तर मी मोठ्या मनानं मत्सर केला असता. हा पडला की गादीवर पडायचा. माझी उलटी वायर जपान जाळते, याची उलटी वायर आवंढा गिळते. वर औदार्य असं की, "तुला पण एक करून देतो की," म्हणाला. मी म्हणालो, "नको. माझं मी बघतो." हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा म्हटलंय तितक्या वेळा बघणाऱ्यांची करमणूक झाली आहे.

आता अप्पांविषयी एक सांगायला हवं. अप्पा कार्यक्रम कधी समोर बसून ऐकत नसत. रंगमंचामागं जनरेटरपाशी खुर्ची टाकून चहा पीत ऐकत. त्यांना माणूस दिसत नसे, आवाज तेवढा कळे. तालमीतही ते बाहेरच्या कट्ट्यावर बसायचे. तिथून एक दिवस त्यांचा आवाज आला, "ए, त्या विरहाच्या गाण्यात डब्बीचा आवाज घ्या रे. हिरोचा कोरडा वाटतोय." हिरो म्हणजे मी. हे नाव मीच मला पाडून घेतलं होतं. मी बाहेर जाऊन म्हणालो, "अप्पा, लीड माझं आहे." अप्पा म्हणाले, "तुझं असू दे, माझं असू दे, गाणं रडलं पाहिजे. कलघटगीच्या गणपतीला बघू. ज्याचं रडेल त्याला ती जागा."

म्हणजे कलघटगीला माझी जागा पणाला लागली. मी सुभाष रोडवर गेलो. पत्र्याच्या पेट्यांची टोपली तिथंच होती. पण डब्बीची नक्कल केली असं कोण म्हणवून घेईल? शेजारी नव्या प्लॅस्टिकच्या पेट्या आल्या होत्या. हस्तिदंती रंग, गुळगुळीत कडा, मस्कतहून आल्यासारख्या. दुकानदारानं विचारलं, "भिंतीत बसवणार काय?" मी म्हणालो, "नाही, स्टेजवर." त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि पैसे मोजून घेतले. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एकाकडून आतली जोडणी करून घेतली. बटणांखाली इंग्रजी अक्षरं घातली, कारण मला माझा आवाज आमटीसारखा नको होता. घरी दुपारी वाजवून बघितलं. उत्तम. चरचर आहे, लांबी आहे, आवंढाही आहे अशी मी माझी समजूत घातली.

पत्र्याची पेटी बाहेरच्या लहरी अडवते आणि प्लॅस्टिक त्यांना या बसा म्हणतं, हे मला माहीत नव्हतं. दुपारी रेडिओ केंद्र विश्रांती घेतं, हेही लक्षात आलं नव्हतं.

कलघटगीला आरती झाली आणि दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. समोर सतरंजीवर गावातली आणि आसपासच्या वाड्यांतली माणसं, बायका, पोरं. विरहाचं गाणं आलं. गायिकेनं दुसरं कडवं संपवलं, मी एक पाऊल पुढं टाकलं, डोळे मिटले आणि बटण दाबलं. पहिला सूर लांबवला. त्याच्यामागून, अत्यंत स्वच्छ, शांत, वयस्क आवाजात लाउडस्पीकरमधून शब्द आले, "रैत बांधवरे..." म्हणजे शेतकरी बंधूंनो.

मी डोळे उघडले. मला वाटलं कुणी माइक घेतला. कुणी घेतला नव्हता. मी सूर बदलला. आवाज म्हणाला की शेंगांच्या, म्हणजे भुईमुगाच्या, पानांवर तपकिरी ठिपके दिसू लागले तर दुर्लक्ष करू नये. मी तार जोरात ओढली तशी माहिती आणखी मोठ्यानं मिळू लागली. पोरं लोळायला लागली. पुढं बसलेले एक पटकेवाले आजोबा मागं वळून ओरडले, "सुम्नीर्रो, केळूणु!" गप्प बसा रे, ऐकू द्या. त्यांच्या शेंगांवर बहुतेक ठिपके होते. मी घाबरून बटण परत दाबलं, आवाज गेला. आजोबा माझ्याकडं बघून म्हणाले, "औषध कोणतं मारायचं ते राहिलं की."

गायिका पदर तोंडात धरून उभी होती. तबला चालू होता, कारण तबलजी काहीही झालं तरी थांबत नसे. मला वाटलं आता डब्बी पुढं येईल, त्याची पेटी दाबेल आणि माझी जागा घेईल. मी असतो तर घेतली असती. तो वाकला, स्वतःची पिन काढली आणि पेटी पायानं माझ्याकडं सरकवली. "घे," तो पुटपुटला, "गूळ जरा कमी कर. गर्दीत जास्त होतो."

मी गूळ कमी केला आणि वाजवलं. स्वतःबद्दल चांगलं बोलायची माझी सवय बाजूला ठेवूनही सांगतो, तसं मी त्याआधी वाजवलं नव्हतं. हसणारी पोरं गप्प झाली. संपलं तेव्हा टाळ्या थांबेनात. डब्बी मागं, बिनपेटीच्या कोरड्या गिटारवर खराटा फिरवत उभा होता.

उतरून मागं गेलो. अप्पा जनरेटरपाशी उभे, डोळे ओले. त्यांनी माझ्याजवळून जाऊन डब्बीला मिठी मारली. "काय वाजवलास रे, डब्बी."

"अप्पा, मी नव्हे. हा वाजवला."

अप्पांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. मग डब्बीच्या पाठीवर थाप मारली. "मित्राला सांभाळून घेतोस. चांगलं आहे. पण मला कान आहेत बाळ."

"देवाशप्पथ अप्पा, ह्यानं वाजवलं."

"पुरे पुरे," अप्पा म्हणाले. डब्बी जितकं खरं बोलला तितका तो त्यांच्या नजरेत थोर होत गेला. माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम वादन माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या नावावर चढलं, आणि ज्याच्या नावावर चढलं त्यालाही ते उतरवता आलं नाही.

त्या गाण्याची जागा डब्बीची झाली. त्यानं ती गणपती संपेपर्यंत वाजवली आणि मग एक दिवस तालमीला आलाच नाही. घरी गेलो तर म्हणाला, "कंटाळा आला रे. अण्णा म्हणतात, आता कोर्टात येऊन बस. बघतो जरा." ज्या जागेसाठी मी झुरलो ती त्यानं पानातला कढीपत्ता काढावा तशी बाजूला काढून ठेवली. पेटी मला दिली. "घरी ठेवली तर आई त्यात काडेपेट्या भरेल. तू वाजव." लीड परत माझं झालं. जिंकून मिळालेलं नाही. न लढता मिळालेलं. ते जास्त टोचतं.

वकिलीतही तो गादीवरच पडला. उलट्या लागलेल्या वायरीसारखे त्याचे मुद्दे कसे कोण जाणे बरोबर वाजत. पुढं मोबाइल आले, हुबळीत परदेशी पेडल विकणारी दुकानं आली. माझ्याकडं चार-पाच जमली. पण विरहाचं गाणं आलं की अप्पा खुर्चीवरून ओरडत, "डब्बीला लाव," आणि मी पत्र्याची पेटी पुढं ओढत असे.

बऱ्याच वर्षांनी तो धारवाडच्या कोर्टाबाहेर भेटला. काळा कोट, सुटलेलं पोट, चहाबरोबर दोन मिरची भजी. म्हणाला, "तुला एक सांगू? कलघटगीकडचे पक्षकार येतात माझ्याकडं. मी त्यांना सांगतो, तुमच्या गावात मी वाजवलंय. एकालाही आठवत नाही. पण शेंगा सांगणारी गिटार प्रत्येकाला आठवते. एक म्हातारा तर म्हणाला, त्या वर्षी माझं पीक वाचलं." त्यानं भज्याचं देठ बशीत ठेवलं. "लई जळतो मी तुझ्यावर."

मी त्या दिवशी घरी तरंगत आलो. सायकल कोर्टाबाहेरच राहिली, ती दुसऱ्या दिवशी आणली. जेवताना मात्र एक आठवलं. औषध कोणतं ते तर कुणालाच ऐकू गेलं नव्हतं; त्याआधीच मी बटण दाबलं होतं. मग पीक कसलं वाचलं? म्हणजे हे त्यानं मला बरं वाटावं म्हणून रचलं असेल. खरं असेल तर आयुष्यात एकदा मी त्याच्या पुढं गेलो. रचलेलं असेल तर तो परत पुढंच.

पुढच्या भेटीत विचारायचं ठरवलं होतं. ती भेट झाली नाही. एका उन्हाळ्यात त्याच्या छातीत दुखलं आणि तेही त्यानं फार लांबवलं नाही. अंत्ययात्रेला एवढी माणसं होती की मला मागं उभं राहावं लागलं. मोजली नाहीत, पण मनात आलं, माझ्या वेळी एवढी येतील काय.

पेटी अजून आहे. 'मीठ' पुसलं गेलंय, 'तिखट' जेमतेम वाचता येतं, 'गूळ' ठसठशीत आहे. त्या गाण्याआधी मी तो जरा कमी करतो, कारण गर्दीत जास्त होतो. वाजवतो, टाळ्या पडतात, आणि मी मागं डाव्या बाजूला बघतो, जिथं तो खराटा फिरवत उभा असायचा. तिथं आता दुसराच कुणीतरी वाजवत असतो. तरी बघतो. डब्बी माझ्यावर निदान थोडा तरी जळतोय का.