विटांच्या घराला आलेली ओल

भिंतीला ओल होती. पण आत नळ नव्हता, वर टाकी नव्हती आणि दोन महिने पाऊसही नव्हता. उमरग्यातल्या त्या घरासमोर मी मॉइश्चर मीटर, म्हणजे भिंतीतली ओल मोजायचं यंत्र, धरून उभी होते. वीस वर्षांचा अनुभव असलेली सिव्हिल इंजिनिअर, आणि काही कळेना.

घर अप्पांचं. एके काळी त्यांची वीटभट्टी होती. बाहेरून प्लास्टर नाही, रंग नाही. नुसत्या त्यांच्या भट्टीच्या लाल विटा. चाळीस वर्षं त्या बघून त्यांच्या बायकोला, काकूंना, वीट आला होता. त्यांना क्रीम रंग हवा होता.

"माझ्या इटंला रंग? जमायचं न्हाय," अप्पा म्हणायचे. पण ओल दिसली तसं त्यांनीच मला बोलावलं.

ओलीची वरची कड सरळ, कमरेएवढी. जमिनीतून चढणारी ओल इतकी शिस्तीत चढत नाही. दुसऱ्या दिवशी मी न सांगता सकाळीच गेले. काकू तांब्या तांब्यानं भिंतीवर पाणी मारत होत्या.

"काकू!"

"हळू बोला, बाई. वल दिसल्याबगर हे रंगाला व्हय म्हणायचे न्हाईत. तुमी फकस्त प्लास्टर लागतंय म्हणा."

"खोटं नाही सांगणार मी."

"मग खरं काय लागतंय ते तरी बघा!"

बघितलं. विटा टणक होत्या, पण दरजा, म्हणजे दोन विटांमधला भराव, नखानं निघत होता. पावसाळ्यात खरंच पाणी आत आलं असतं. आधी काकूंचं पाणी बंद करवलं. मग अप्पांना सांगितलं, "दरजा नव्यानं भरू. पुढच्या विटा तशाच राहतील. पावसाची झड लागते त्या पश्चिमेच्या भिंतीला प्लास्टर आणि क्रीम रंग."

काकू चहा गाळत होत्या. मान वर केली नाही.

"करा," अप्पा म्हणाले. इतक्या पटकन, की मीच गडबडले.

काम संपलं. घर देखणं दिसत होतं. अप्पा मला फाटकापर्यंत सोडायला आले.

"मॅडम, वल कशाची ते मला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं. भट्टीवाला हाय मी."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"चाळीस वर्सं न्हाय म्हणलो. एकदम व्हय कसं म्हणू? तुमी सांगितलं म्हणून केलं. तिला बोलू नका."

मी दोघांनाही काही बोलले नाही. आता ओलीचा फोन आला की मीटर गाडीतच ठेवते. आधी नवरा-बायकोशी वेगवेगळं बोलून घेते.