उशिरा पोचलेले डबे

जुलैच्या एकोणीस तारखेला बाजारातल्या कांद्याच्या गाळ्यांमागे सहा नावांच्या पाटीला हार घालतात. माथाडी कामगार जमतात, कुणीतरी पुढारी दहा मिनिटं बोलतो, मग चहा होतो. यशोदाबाईंना या कार्यक्रमाचं बोलावणं कधीच नसतं. तरी त्या दरवर्षी बोनकोड्याहून येतात आणि मागच्या पोत्यांवर बसतात. आता वय अडुसष्ट, गुडघे धरलेले, पण तारीख चुकली नाही.

बावीस वर्षांपूर्वी शेजारच्या बांधकामाची भिंत या पाटीच्या जागी कोसळली होती. खाली माथाडींच्या एका टोळीतली सहा माणसं जेवत होती. सगळी साताऱ्याकडची. त्यांची खानावळ यशोदाबाई चालवायच्या. सकाळी भाकऱ्या थापायच्या आणि रिक्षात डबे घालून स्वतः बाजारात नेऊन द्यायच्या.

यंदा कार्यक्रमाला एक नवी मुलगी आली होती. उत्कर्षा. त्या सहांतल्या धनाजीची लेक. भिंत पडली तेव्हा ती आईच्या पोटात सात महिन्यांची. गावी वाढली, शिकली आणि आता बेलापूरला एका वकिलांच्या ऑफिसात नोकरीला लागली होती. चहा झाल्यावर तिने टोळीचे जुने मुकादम हौसेराव यांना गाठलं.

"काका, माझे बाबा कसे होते?"

"धनाजी? लई कष्टाळू. निर्व्यसनी. सगळ्यांशी मिळून-मिसळून."

"हे तर मघाशी भाषणात सहाही जणांबद्दल सांगितलं."

हौसेराव ओशाळले. डोकं खाजवत त्यांनी मागच्या पोत्यांकडे बोट केलं. "त्या मावशीला इचार. आमी बरुबर काम केलं, पर ज्येवू तिनं घातलं."

यशोदाबाईंनी त्या मुलीकडे पाहिलं. रुंद कपाळ, भुवया जवळजवळ जुळलेल्या. ओळख सांगायची गरजच पडली नाही. "घरी चल," एवढंच त्या म्हणाल्या.

बोनकोड्यातल्या त्यांच्या खोलीत उत्कर्षा चटईवर बसली आणि यशोदाबाई बोलू लागल्या. बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे सुरुवात कुठून करावी ते त्यांना कळेना.

"वांग्याची भाजी असली की तुजा बा त्वांड वाकडं करायचा. मला बोलायचा न्हाई. गपचिप गंगारामच्या डब्यात सरकवायचा आनि त्याची चटणी उचलायचा. मी बगायची, पर बोलायची न्हाई."

उत्कर्षा हसली. "मीपण वांगं खात नाही. आई ओरडते."

"तुजी आई सुनयना बाळंतपनाला गावी गेली, तवा रोज माज्या हातनं डबा घेतला की इचारायचा, मावशी, गरवारशीला काय खायाला द्यायचं? मी शेपू सांगितला, डिंक सांगितला, खारीक सांगितली. मंग गावच्या दुकानात फोन करून निरोप द्यायचा. तिसऱ्यांदा केला तवा दुकानदार म्हनला, अरे धनाजी, त्या बाईला आता शेपूचा वास सोसंना."

उत्कर्षा पोट धरून हसली आणि हसताहसता रडायला लागली. यशोदाबाईंनी तिला थांबवलं नाही. पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. ती शांत झाली, तेव्हा त्यांनी हात काढून घेतला.

"पोरी, एक सांगायचं हाय. ऐकून तू उठून गेलीस तरी चालंल."

उत्कर्षाने मान वर केली.

"त्या दिशी माजा ग्यास संपला. मंग स्टोवर भाकऱ्या केल्या. रोज साडेबाराला डबे पोचायचे, एकला मानसं जेवून गाळ्यावर जायची. त्या दिशी मी दीडला पोचले. पावनेदोनला भिंत आली. येळेवर गेले असते तर तितं कुनीच नसतं." त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. "खानावळ मी बंद केली, तर लोक म्हनले, दुःखानं केली. खरं कुनाला ठाव न्हाई."

यशोदाबाईंना वाटलं, आता ही पर्स उचलणार.

"बाबांनी जेवायला सुरुवात केली होती?" तिने विचारलं.

"व्हय. मी रिकाम्या डब्यांसाठी टपरीपाशी थांबले व्हते. तितनं दिसत व्हता. दुसरी भाकरी मोडत व्हता."

"भाजी काय होती?"

"मटकीची उसळ. त्याला आवडायची."

"म्हणजे उपाशी नाही गेले." तिने डोळे पुसले. "आईला तीच काळजी असते, मावशी. सणाला ताट वाढलं की म्हणते, जेवले असतील की नाही, कुणाला विचारायचं."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी चौकशीचा रिपोर्ट काढून वाचलाय. पाया न खोदता भिंत उभी केली होती. सगळं लिहिलंय त्यात, कोण, कधी, कसं. तुमच्या गॅसचं नाव कुठेच नाही."

"कागदात नसंल. मला ठाव हाय."

"असू दे. आता मलापण ठाऊक आहे. तुम्ही एकटीने नका बाळगू."

यशोदाबाईंनी उठून भात टाकला आणि मुलीला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पुढच्या रविवारी उत्कर्षा पुन्हा आली. बरोबर त्याच भिंतीखाली गेलेल्या गंगारामची बायको भिमाबाई होती, खांदेश्वरला मुलाकडे राहणारी. यशोदाबाईंनी तिलाही आधी गॅसचं सांगितलं. भिमाबाई ऐकून घेऊन म्हणाली, "दोन सिलिंडर ठेवायची ऐपत तवा कुनाची व्हती, बाई?" आणि नवऱ्याचं काय ते सांगा म्हणून जवळ सरकली.

"दोन-दोन डब्यांतलं वांगं खायाचा," यशोदाबाई म्हणाल्या.

"आमचा मानूस? घरात तर वांग्याला शिवायचा न्हाई." भिमाबाईने कपाळावर हात मारला. "आता खोट माज्या हातात व्हती का वांग्यात, ते सांगा."

आणि तिघी हसू लागल्या.