अ‍ॅथॉलचं घड्याळ आणि तिसरी घळ

अ‍ॅथॉल मॅकराय पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात आला तेव्हा मला वाटलं, बिचारा थोडा खुळा आहे. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा खरंच वाटलं. तेवीस वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. वसतिगृहाचं स्वयंपाकघर मी नुकतंच हातात घेतलं होतं, आणि शाळेत सुतारकाम शिकवायला नवा मास्तर आलाय एवढंच कानावर होतं. हा लांबुडका माणूस चहाला आला, हात धुवायला गेला आणि मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीच्या फळीवर ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा. ह्याच्या घड्याळात सव्वानऊ. मी मनात म्हटलं, घरी बायको नाही, सांगणारं कोणी नाही, कसं चालायचं ह्याचं? त्याची पाठ होती तेवढ्यात मी घड्याळ तासभर पुढे करून जागच्या जागी ठेवून दिलं. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या दालनाबाहेर हा आठ वाजताच पावसात उभा. दार नऊला उघडतं. तिसऱ्या दिवशीही तेच. मग तो स्वयंपाकघरात आला, मनगट माझ्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, "हे तू केलंस?"

मी म्हटलं, हो, आभार मानायची गरज नाही.

त्याचं काय होतं, आमचा देश पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडे, सप्टेंबरात वसंत आणि नाताळाला उन्हाळा; इथे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सगळे लोक आपली घड्याळं तासभर पुढे करतात, उन्हाळ्यातल्या संध्याकाळी लांबाव्यात म्हणून. एप्रिलमध्ये परत मागे. सगळे म्हणजे अ‍ॅथॉल सोडून सगळे. त्याचं म्हणणं, सरकारने हे मेंढ्यांना कळवलेलं नाही, सूर्याला नाही, बर्फाला नाही, मग मलाच का? अर्धं वर्ष तो मनातल्या मनात एक मिळवतो आणि बरोबर वेळेवर पोचतो. आपण हात लावला नाही तर.

असा माणूस. बूट तिसऱ्यांदा तळ बसवलेले, टोपी बहिणीने विणलेली, एका टीबॅगचे चार चहा, चौथा फक्त गरम पाणी पण तो मान्य करत नाही. शाळेत त्याला विशेष कोणी विचारत नाही. पण दर वसंतात तो वसतिगृहातली आठ पोरं घेऊन डोंगरात जातो. बावीस वर्षं झाली. आमचा वसंत म्हणजे खाली कोकरं उड्या मारतात आणि वर गुडघाभर बर्फ. आमची पोरं तरी कोण? कोणाचा बाप मासेमारीच्या बोटीवर, कोणाची आई मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये. सुट्टीत घरी जाऊन करायचं काय, असा प्रश्न असलेली. ट्रेकहून आली की महिनाभर जेवताना दुसरं बोलणं नसतं. मला सगळं पाठ झालंय.

गेल्या वर्षी मात्र गंमत संपली. त्याच्या आदल्या वर्षी नदीला पूर आला होता, मंडळी एक दिवस उशिरा परतली, हेलिकॉप्टर फिरलं, पेपरात फोटो आला. तेव्हाच पाइकबाई नव्या मुख्याध्यापिका म्हणून आल्या होत्या. नीटनेटकी बाई, कपाटाला चिठ्ठ्या लावणारी. त्यांनी अ‍ॅथॉलला बसवून एक कागद केला: शनिवारी परत यायचं, फार तर रविवारी दुपारी बारा. बारा टळले की पोलिसांना कळवणार आणि ट्रेक कायमचा बंद. गुरुवारी सकाळी दोघांनी सह्या केल्या. अ‍ॅथॉलने कागद घडी घालून टोपीत ठेवला.

आणि मी त्यात कशी? मुली होत्या, सोबत एक बाई हवी, खेळाच्या तरुण बाईंचा पाय मुरगळलेला. मी म्हटलं, येते की, इतकी वर्षं ऐकतेय, एकदा बघू तरी. अ‍ॅथॉलने मासे तोलायच्या काट्यावर माझी सॅक तोलली आणि तीन वस्तू बाहेर काढल्या. त्यातली एक उशी होती. चीज रोल्सचा डबा मात्र राहू दिला.

गुरुवारी दुपारी डोंगरातल्या खोपीवर पोचलो. पत्र्याची, केशरी रंगाची, बारा जणांना झोपायला फळ्या, मधे लोखंडी शेगडी. आम्ही चहा टाकला आणि बाहेर बर्फ सुरू झालं. ते शनिवारी सकाळपर्यंत थांबलं नाही.

पहिला दिवस मजेत गेला, खोटं कशाला बोलू. पत्ते झाले, गाणी झाली. शुक्रवारी खिडकी अर्धी बुजली. संडास वीस पावलांवर, तिथपर्यंत दोरी बांधलेली. जाऊन येईस्तोवर माणूस पांढरा व्हायचा. दहा जणांचे वीस ओले मोजे शेगडीवर टांगलेले, त्यांचा वास लापशीतसुद्धा उतरलेला. पत्त्यांतला चौकटचा राजा हरवला, त्याच्यावरून दोन पोरं एकमेकांशी बोलेनाशी झाली. दार ढकललं की बर्फाची भिंत. मी छताचे खिळे मोजले. एकशे चौदा. दुसऱ्यांदा एकशे सोळा आले, म्हणून मग तिसऱ्यांदा. श्वास घ्यायला हवा कमी पडतेय असं वाटायचं. मग आठवायचं की कमी काही पडत नाहीये, उलट दाराच्या फटीतून भसाभसा येतेय.

अ‍ॅथॉल शांत. लाकडं मोजून द्यायचा, पोरांचे फाटके मोजे रफू करायचा आणि कान बाहेर लावून बसायचा. परतीच्या वाटेवर तीन घळी लागतात. वरच्या उतारावर बर्फ साचतं आणि जड झालं की घळीतून लोट खाली येतो, वाटेवर जे असेल ते घेऊन. शुक्रवारी सकाळी पहिली घळ कोसळली. मालगाडी खोपीत शिरल्यासारखा आवाज. माझ्या हातातला कप उडाला. अ‍ॅथॉलने कोळशाने शेगडीमागच्या फळीवर एक रेघ मारली. दुपारी दुसरी कोसळली, दुसरी रेघ. तिसऱ्या रेघेची जागा मोकळी सोडली, आणि मग आम्ही दहाही जण त्या मोकळ्या जागेकडे बघत बसलो. जेवताना, पत्ते खेळताना, दात घासताना. त्या फळीचा आला तितका राग मला कुठल्याच माणसाचा आला नसेल.

शनिवारी अकराला आभाळ उघडलं. निळंभोर. ऊन असं की डोळे दिपावेत. पोरांनी पाच मिनिटांत सॅका भरल्या, आणि कबूल करते, सगळ्यात आधी बुटांची नाडी मी बांधली. आत्ता निघालो तर संध्याकाळी रस्त्यावर, पाइकबाई खूश, मी माझ्या पलंगावर.

अ‍ॅथॉल उंबऱ्यात बसला होता. पाठ एका चौकटीला, पाय दुसऱ्या चौकटीला, हातात कोणाचा तरी मोजा. त्याला ओलांडल्याशिवाय बाहेर जाता येत नव्हतं. तो म्हणाला, ऊन लागलंय, वरचं बर्फ आता ओलं होऊन जड होतंय, तिसरी घळ अजून भरलेली आहे. उद्या पहाटे सगळं गोठलेलं असेल तेव्हा निघू.

मी म्हटलं, अरे अ‍ॅथॉल, तिसरी ह्या वर्षी कोसळायचीच नसेल तर? आम्ही काय नाताळ इथेच करायचा?

"चीज रोल संपलेत," तो म्हणाला. "नाताळपर्यंत नाही टिकणार आपण."

मग लोसा पुढे आली. लोसा म्हणजे सामोआ बेटांकडची आमची पोर, सोळा वर्षांची, बापासारखी धिप्पाड आणि बापासारखीच मोजकं बोलणारी. तिच्या धाकट्या बहिणीचा, सिनाचा, पुढच्या वर्षी नंबर होता. सिनाने बूटसुद्धा मागून ठेवले होते कोणाचे तरी.

"सर, उद्या पहाटे निघून बारापर्यंत पोचणं कठीण आहे," लोसा म्हणाली. "आज नाही गेलो तर ट्रेक बंद होईल."

"होईल."

"सर, मग सिनाचं काय?"

अ‍ॅथॉलने दोरा दाताने तोडला. मोजा बाजूला ठेवला. बावीस वर्षांत मी त्याचा चेहरा तसा कधी पाहिला नव्हता. म्हातारा दिसला एकदम.

"होऊ दे बंद," तो म्हणाला. "बूट काढा सगळ्यांनी. डॉट, तूसुद्धा."

डॉट म्हणजे मी. काढले. लोसा फळीवर भिंतीकडे तोंड करून झोपली ती जेवायलाच उठली. एक पोरगा म्हणाला, सरांच्या सॅकमध्ये ती पिवळी डबी आहे ना, बटण दाबलं की हेलिकॉप्टर येतं. त्याला मी कोबी चिरायला बसवलं. ती दुपार इतकी लांब होती की मला वाटलं, सगळ्या देशाची लांबवलेली संध्याकाळ एकट्या आमच्याच वाट्याला आलीय. कोबीचं सूप झालं. खिळे एकशे पंधरा निघाले, आणि ते मी शेवटचे म्हणून धरले.

रविवारी अ‍ॅथॉलने उठवलं तेव्हा खिडकीत जेमतेम करडं झालं होतं. पोरं कुडकुडत लापशी गिळत होती तेवढ्यात लोसाने तीन दिवस बंद ठेवलेला फोन चालू केला आणि तिचा चेहरा उतरला.

"सर, साडेसहा वाजलेत. तुम्ही साडेपाचला निघायचं म्हणाला होतात."

"साडेपाचच वाजलेत," अ‍ॅथॉल मनगट बघत म्हणाला.

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सप्टेंबरचा शेवटचा रविवार! आम्ही त्या डबड्यात पडलेलो असताना सगळा देश तासभर पुढे गेला होता, आणि आमच्याकडचा एक तास, कोणाला न विचारता, गेला. मी अ‍ॅथॉलला बाजूला घेऊन सांगितलं, अरे बाबा, तुझे अकरा म्हणजे पाइकबाईंचे बारा. तो म्हणाला, घळीवर ऊन माझ्या आठला येतं, ते मला पुरे आहे.

निघालो. बर्फ काचेसारखं कडक, पावलागणिक करकर. पहिली घळ, दुसरी घळ, दोन्हीकडे फुटलेल्या फरशांसारखे बर्फाचे ढीग. तिसरीशी त्याने आम्हाला थांबवलं. वाट दाखवणारा केशरी खांब मधोमध मोडून खाली पडला होता आणि जिथे वाट होती तिथे घराएवढ्या उंचीचा बर्फाचा ढिगारा. तिसरी घळ केव्हातरी कोसळून गेली होती. आदल्या दिवशी दुपारी, आम्ही रुसून बसलो होतो तेव्हा की काय, देव जाणे. ही घळ खोपीपासून सगळ्यात लांब, आवाज कोणीच ऐकला नव्हता. लोसाने खांबाकडे बघितलं, मग अ‍ॅथॉलकडे. त्याने सॅकचे पट्टे आवळले. मग तिनेही. मी तोंड मिटून घेतलं, आणि ते किती अवघड गेलं असेल हे मला ओळखणाऱ्यांनी समजून घ्यावं. एकेक करून, दोघांमध्ये अंतर ठेवून, आम्ही पलीकडे गेलो. त्याच्या घड्याळात पावणेआठ.

खाली नदीकाठी आलो तेव्हा लोसाने हिशेब केला: पळत गेलो तर सरकारी बारा गाठता येतील. पोरं तयार. पण एका मुलीची टाच सोलवटलेली, आणि दगडांवर पाणी साचून शेवाळ झालेलं. अ‍ॅथॉलने त्या मुलीला सगळ्यांच्या पुढे घातलं आणि सांगितलं, हिच्या पुढे कोणी जायचं नाही. झालं. लंगडणाऱ्या टाचेच्या वेगाने आम्ही चाललो, आणि मी मागून त्याची पाठ बघत होते. ट्रेक आता गेलाच हे त्याला कळत होतं. तरी थांबून थांबून तो तिची पट्टी नीट करत होता.

रस्ता दिसला. शाळेची बस, आणि तिच्यापुढे पाइकबाईंची स्वतःची जुनी निळी गाडी. बाई बाहेर उभ्या, हातात तो कागद. फोन लागायला तिथून पंधरा किलोमीटर जावं लागतं. त्या पोलिसांना कळवायला गेलेल्या नव्हत्या, हे माझ्या लगेच लक्षात आलं. डोळे लाल होते त्यांचे. पोरं मोजली त्यांनी, दोनदा. मग घसा खाकरला.

"अ‍ॅथॉल, तुम्हाला चाळीस मिनिटं उशीर झालाय. बारा वाजून चाळीस."

अ‍ॅथॉलने टोपी काढली, कागद काढला, उलगडला. "इथे बारा लिहिलंय. सही गुरुवारची. गुरुवारी ह्या देशात बारा एकच होते, माझ्या घड्याळातले."

"आज रविवार आहे. घड्याळं बदलली."

"कोणाची?" असं म्हणून तो वाकला आणि त्यांच्या गाडीच्या काचेतून आत बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. गाडीतल्या घड्याळात हिरव्या आकड्यांत अकरा बेचाळीस.

"ते बदलायचं राहिलंय," पाइकबाई म्हणाल्या. "ते बदलायची पद्धत पुस्तकात बघावी लागते."

"मग ह्या गाडीत बसून तुम्ही इथे वाट बघत होता, आणि ह्या गाडीत अजून बारा वाजलेले नाहीत."

"हा युक्तिवाद झाला का?"

"गाडी तुमची आहे," अ‍ॅथॉल म्हणाला.

लोसा हसायला लागली, तिचं हसू म्हणजे भांडी पडल्यासारखं. मग सगळी पोरं. पाइकबाईंनी ओठ घट्ट धरले होते, पण एक कोपरा सुटला. त्यांनी पर्स उघडली, पेन शोधलं, नाही सापडलं, पुन्हा शोधलं, आणि कागद गाडीच्या टपावर ठेवून 'परत आल्याची वेळ' ह्या रकान्यात लिहिलं: अकरा त्रेचाळीस.

अ‍ॅथॉलने वाकून वाचलं. "बेचाळीस होते. एक मिनिट तुमचं पेन शोधण्यात गेलं."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग त्रेचाळीस खोडून बेचाळीस केलं.