दाजींची खोल बोअर

बोअरच्या मशीनपाशी जन्म गेल्यामुळे भोंग्यांना हळू बोलताच यायचं नाही, म्हणून तर लोकांनी त्यांचं नाव भोंगा ठेवलं होतं. नुसतं ‘बरं आहे ना’ विचारलं तरी माणूस भांडतोय असं वाटायचं. त्या दिवशी मात्र ते खरंच भांडत होते, आणि तेही सख्ख्या बहिणीच्या दारात.

बहिणीच्या गावची जमीन म्हणजे सवतींचं घर. एका गल्लीत काळी माती, पुढच्या गल्लीत सरळ खडक. बहिणीकडे वर वाळू, खाली पाणीदार मुरूम आणि त्याखाली पिवळ्या चिकणमातीचा थर. त्याच्याही खाली पाणी होतं, पण खारं. थर फोडला की ते वर चढतं आणि गोडं पाणी नासवतं. म्हणून पिवळी माती दिसली की मशीन थांबवायचं, हा भोंग्यांचा नियम. तो त्यांनी बहिणीच्या नवऱ्याला सकाळपासून कानीकपाळी ओरडून सांगितला होता. पालथ्या घड्यावर पाणी! दाजी कापडाचे दुकानदार. त्यांना सगळं लांबीतच कळायचं. समोरच्या सोनाराची बोअर फार खोल होती. तिच्या खाऱ्या पाण्याने तो पायरीसुद्धा धूत नसे, पण खोली मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा, आणि दाजींना ते सलत होतं.

बहीण गुडघे धरत दोन गल्ल्या पलीकडच्या नळावरून बादल्या आणायची, हे मात्र दाजींना कधी सललं नाही.

दुपारी मुरमात पाणी लागलं. पिवळी माती दिसताच भोंग्यांनी मशीन थांबवलं, पेला भरला आणि आत नेऊन बहिणीला दिला. पाणी गोड होतं. ती उंबऱ्यावर बसून सावकाश प्यायली आणि म्हणाली, आता मेले तरी त्या नळाचं तोंड बघणार नाही. तेवढ्यात बाहेर मशीन पुन्हा सुरू झालं.

मशीनवर भोंग्यांचा जावई होता. दाजींनी त्याला बेधडक सांगितलं होतं की सासऱ्यांचाच निरोप आहे, अजून खाली जा. सासऱ्यांचा शब्द म्हटल्यावर बिचारा कशाला थांबतो! भोंगे धावत पोचेपर्यंत पाण्याचा फवारा घराच्या वर उडाला होता. गल्ली गोळा झाली होती आणि दाजी मध्ये नवरदेवासारखे उभे होते. भोंग्यांनी ओंजळ तोंडाला लावली आणि खारं पाणी थुंकून टाकलं. तळपायाची आग मस्तकात गेली. परका असता तर चार शिव्या हासडल्या असत्या, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तरी उपाय होता. चिकणमातीचे गोळे टाकून खालचा भाग थरापर्यंत बुजवायचा, वरून सिमेंट ओतायचं. चार दिवसांनी वरचं पाणी निवळलं असतं. भोंग्यांनी जावयाला माती भिजवायला सांगितली, तर दाजी भोकापुढे आडवे आले. सोनारादेखत बुजवायची? एवढी खोल गेलेली बोअर अर्ध्यावर आणायची? मग लोक काय म्हणतील?

काय म्हणावं या माणसाला! घरात प्यायला पाणी नाही, आणि याला भोकाचा अभिमान.

बहीण उंबऱ्यावरून उठली. भिंतीला हात लावत अंगणात आली आणि सगळ्या गल्लीसमोर नवऱ्याला म्हणाली, “तुमची खोली सगळ्यांनी पाहिली. आता बाजूला व्हा.”

दाजी हलले नाहीत. सोनार हसत होता. तिने जावयाने भिजवलेल्या मातीचा गोळा उचलला, नवऱ्याच्या बाजूने हात घालून भोकात सोडला आणि दुसऱ्यासाठी वाकली.

“दादा, बघत काय उभा राहिलास?” ती म्हणाली. “माझ्याच्याने सगळं होणार आहे का?”