नावानं हाक

टिल्डा म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. अख्ख्या लोवस्टॉफ्ट बंदरात असं डोकं दुसरं नाही. मी परांच्या बांधतो, सगळं गाव वरून बघितलंय, म्हणून सांगतो. सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत तिनं असे मार्क पाडले की केंब्रिजच्या एका खाजगी निवासी कॉलेजनं पुढची दोन वर्षं फुकट शिकवायची तयारी दाखवली. तिला डॉक्टर व्हायचंय, आणि तिथली पोरं मेडिकलला जातातच. अट एकच. एक रात्र राहून बघायचं आणि सकाळी हो की नाही ते सांगायचं. नाही म्हटलं की जागा दुसऱ्याला. घराजवळचं कॉलेज होतंच, बसनं जायचं, संध्याकाळी आईच्या हातचं खायचं.

मी तिला व्हॅननं सोडलं आणि तिथंच केंब्रिजात एका मित्राकडे मुक्काम केला. टिल्डा शाळेचा कडक इस्त्रीचा ब्लेझर घालून गेलेली. बाकी पोरं फाटक्या जीन्समध्ये.

"कुणाच्या मयताला आलीस का गं?" एक पोरगी हसली.



वसतिगृहाच्या बाई पन्नाशीच्या. म्हणाल्या, "मला हिलरी म्हण. इथं मिस-बिस, सर-बिर काही नाही."

"बरं, मिस," टिल्डा म्हणाली. आमच्या शाळेत बाईंना नावानं हाक मारली असती, तर घरी बोलावणं आलं असतं.

जेवणानंतर ती मला फोन करायला अंगणात गेली आणि मागं दार आपोआप लागलं. उघडायचं कार्ड आत राहिलेलं. फेब्रुवारीचा गारठा. वरच्या खिडकीत बाई पाठमोऱ्या चहा करत होत्या.

"मिस!" टिल्डा ओरडली. "मिस!"

बाई वळल्याच नाहीत. तिथं मिस कुणी नव्हतंच.

"अगं, नाव घे की!" मी फोनवर म्हटलं.

"तोंडातून निघतच नाही रे."

"मग गोठ तिथंच, सकाळी बर्फ फोडून नेतो तुला."

"हसू नकोस! आजारी पडले, अभ्यासात अडले, तर कुणाला हाक मारू? दोन वर्षं मी अशीच दाराबाहेर राहीन."

तेवढ्यात तिच्या फोनची बॅटरी संपली. आता कानाशी माझा आवाजही नाही. अंगणातला दिवा विझला. झुडपात काहीतरी सळसळलं.

"हिलरी!"

आवाज फाटला, पण निघाला. बाई धावत खाली आल्या. "अगबाई, किती वेळ उभी आहेस? मारायची ना हाक!"



दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खाल्लेली ओटची लापशी ओकून टाकली, तोंड धुतलं, ऑफिसात जाऊन "हो, येते मी शिकायला" म्हणून सांगितलं आणि पळत येऊन व्हॅनमध्ये बसली.

"हाण गाडी," म्हणाली, "नाहीतर परत जाऊन नाही म्हणून येईन."