तोंडी सांगा, अप्पा

मन्मथअप्पांनी उघड्या हाताने कधी कुणाशी हात मिळवला नाही. एखादा नवा तरुण अधिकारी ऐटीत हात पुढे करी, तेव्हा अप्पा आधी डाव्या खांद्यावरचा पांढरा रुमाल काढत, त्याच्या हातावर टाकत आणि मग खालून आपला हात घालत. तो बिचारा गोंधळून इकडेतिकडे पाही. अप्पा गंभीर चेहऱ्याने म्हणत, "हात ही उघडी ठिवायची चीज न्हाई, सायब."

अप्पा उदगीरच्या बैलबाजारात दलाल होते. ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथे जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल रुमालाखाली समोरच्याचा हात धरतो. कुठलं बोट धरलं, किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाब दिला, यावरून आकडा कळतो. सौदा नको असेल तर हात ओढून घ्यायचा. हात तसाच राहू दिला, तर होकार समजायचा. भोवती माणसांचा गराडा असतो, बैल शेपटीने माश्या हाकत असतो, आणि काय ठरलं ते त्या दोन हातांनाच ठाऊक असतं. या सगळ्याला एकच कायदा: रुमालाखालचं बाहेर काढायचं नाही. बायकोला सांगायचं नाही, भावाला सांगायचं नाही, पुढे हाडवैर झालं तरी सांगायचं नाही.

मी नांदेडची. जनावरांची डॉक्टर म्हणून उदगीरला बदली झाली आणि अप्पांच्या घरातल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. भाडं ठरवताना, गंमत म्हणून, मी हात पुढे केला. अप्पा दोन पावलं मागे सरले. "बायामाणसाचा हात धरत न्हाईत, डाक्टरीणबाई. तुमी तोंडी सांगा." मी गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारी बाई, मला याचा भयंकर राग आला. मी तोंडी सांगितलं, आणि रागाच्या भरात मनात होतं त्यापेक्षा जास्तच सांगून बसले. अप्पा हसले नाहीत, पण भाडं त्यांनी स्वतःच कमी केलं. वर म्हणाले, "ह्याच्यासाठीच रुमाल लागतो. तोंड लई उतावीळ आसतंय."

बायको वारलेली, एकुलती लेक बीदरला दिलेली. घरात अप्पा आणि देवणी जातीची एक म्हातारी गाय. सकाळी आंघोळ करून हातावर लिंग घेऊन पूजा करायचे, कपाळाला विभूती लावायचे, मग गाईशी बोलायचे. बोलायला घरात दुसरं कुणी नव्हतंच म्हणा. पण बाजाराच्या दिवशी हा माणूस वेगळा असे. चाल बदलायची, मान ताठ व्हायची. जळकोटच्या अलीकडे माळावर एक वाडी आहे, तिथली माणसं आपलं जनावर अप्पांच्या हवाली करून खुशाल चहाला जात. परत आल्यावर "कितीला गेलं?" असं कुणी विचारत नसे. "झालं का अप्पा?" एवढंच. अप्पा म्हणत, "झालं." मग सगळे पुन्हा चहाला.

बाजारात त्यांचा जोडीदार हबीबभाई. तोही दलाल. तीस-पस्तीस वर्षं दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या हातात भांडले आणि चेहऱ्यावर रेषही हलू दिली नाही. हबीबभाई मला म्हणायचा, "बाई, माझी घरवाली माझं तोंड वळखती. अप्पा माझा हात वळखतो."

बापूसाहेब आमच्या भागातले पुढारी. एकेकाळी त्यांच्या पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते, दिल्लीत त्यांच्या बंगल्याबाहेर गाड्यांची रांग लागे. पण बाप बैलाचा व्यापारी. त्यामुळे रुमालाखालची भाषा त्यांना लहानपणापासून येत होती आणि प्रत्येक निवडणुकीत ते ती मिरवत. बाजारात यायचे, एखाद्या दलालाचा रुमाल मागायचे, फोटो निघायचे. मागच्या वेळी ते पडले होते. या वेळची लढत शेवटची आणि अवघड, असं सगळेच बोलत होते.

त्या बाजारी ते थेट अप्पांसमोर येऊन उभे राहिले. मी तिथेच एका लाल कंधारी बैलाचे खूर तपासत होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. बापूसाहेब मोठ्याने म्हणाले, "वाडीची माणसं तुमचंच ऐकतात म्हणं, अप्पा!" लोक हसले. दोघांचे हात रुमालाखाली गेले. कॅमेरे चमकले. अप्पांचा चेहरा फोटोत इतका खुलून आला होता की त्यांनी तो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला. देशाच्या पुढाऱ्याने आपला रुमाल मागितला, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. रुमालाखाली काय झालं ते मी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी बापूसाहेबांचे कार्यकर्ते वाडीवर गेले आणि घराघरांत जाऊन माणसांच्या बोटाला शाई लावून आले. वाडी त्यांच्या विरोधात जाणार हे त्यांना माहीत होतं. शाई लागलेल्या बोटाला दुसऱ्या दिवशी केंद्रावर कोण विचारतो? काहींना सांगितलं, तुमचं मत घरीच झालं. काहींना दम दिला. आणि सगळ्यांना एक गोष्ट सांगितली, की अप्पांनी शब्द दिलाय.

मतदानाच्या दिवशी दुपारी पारूबाई आमच्या दारात आली. वाडीवरची म्हातारी, कधीकाळी तिचा खोंड अप्पांनीच विकून दिला होता. केंद्रावरून परत पाठवलेली होती आणि उन्हातून चालत आली होती. तिने डाव्या हाताचं काळं पडलेलं बोट अप्पांसमोर धरलं. "अप्पा, तुमचं नाव घेतलं म्हून बोट म्होरं केलं. न्हाईतर केलं नसतं." एवढं बोलून ती पायरीवर बसली. मी पाणी दिलं. अप्पा तिच्या बोटाकडे पाहत राहिले आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, त्यांना काही झालंच.

ती गेल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा रुमालाखालची गोष्ट बाहेर काढली. बापूसाहेबांनी त्या दिवशी मुद्दाम अप्पांचा डावा हात धरून पहिल्या बोटाचं नख चोळलं होतं, जिथे शाई लावतात तिथे. मग बोटांवर एक आकडा दाबला होता. वाडीतली मतं बरोबर तेवढी. "मला वाटलं, वाडीचं मतदान मागून राहिले," अप्पा म्हणाले. "म्हणलं, मोठा मानूस हाय, समोर फोटो काढून राहिले, हात कसा वढावा? ठिवला तसाच. अन् हात ठिवला म्हंजे सौदा झाला, बाई. मी व्हय म्हणलं."

मी त्यांना पुष्कळ समजावलं. तुम्हाला काय माहीत होतं, तुम्ही काही केलं नाही, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि उठून भिंतीवरचा फोटो काढला.

गुन्हा दाखल झाला तो कार्यकर्त्यांवर. हुकूम कुणाचा, ते कुणी बोलेना. मग अप्पा आपल्या पायाने पोलीस ठाण्यात गेले. त्याआधी हबीबभाई घरी आला होता. ओसरीत बसला, चहाला हात लावला नाही. म्हणाला, "अप्पा, बापूसायब चोर हाय, मान्य. पन रुमालाखालचं तू भाईर काढनार? उद्या कुनी कुनाच्या हातात हात देईल का?" अप्पा म्हणाले, "पारूबाईनं बोट दिलं ना माझ्या नावावर." हबीबभाई म्हणाला, "मंग बाजार सोड." अप्पांनी मान हलवली. सोडतो असंही नाही, सोडत नाही असंही नाही. हबीबभाई उठून गेला. चहा तसाच निवून गेला.

जबाबानंतर बापूसाहेबांचं नाव आरोपपत्रात आलं. दिल्लीचे टीव्हीवाले आमच्या गल्लीत आले, गाईचं शूटिंग करून गेले. निवडणुकीत ढवळाढवळ केल्याचा फौजदारी आरोप, माजी राष्ट्रीय अध्यक्ष, बैलबाजाराचा दलाल साक्षीदार. आठवडाभर देशाला चांगला मसाला मिळाला. मग देश दुसरीकडे वळला आणि अप्पा तारखांना लातूरला जाऊ लागले. रजा काढून मी त्यांच्यासोबत जाई, कारण दुसरं कुणी जात नव्हतं.

साक्षीच्या दिवशी मुंबईहून आलेल्या वकिलांनी विचारलं, "बापूसाहेब तुमच्याशी काय बोलले?"

"तोंडानं काईच न्हाई."

"मग तुम्ही ऐकलंत काय?"

"ऐकलं न्हाई. हाताला कळलं."

कोर्टात हशा पिकला. अप्पांनी रुमाल काढून न्यायाधीशांकडे पाहिलं. "हुकूम आसंल तर दाखवतो." न्यायाधीशांनी सांगितलं, त्याची गरज नाही, जे असेल ते शब्दांत सांगा. अप्पांनी शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. नख, पेर, आकडा, सगळं सांगितलं. पण बोलताना ते अडखळत होते, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकताना मलासुद्धा ते पोरकट वाटलं. वकील हसून म्हणाले, "हे सगळं तुमच्या मनाचं आहे." तेव्हा अप्पा आरोपीच्या बाजूला वळले. तिथे बापूसाहेब एकटे बसले होते. एवढे गाड्यांचे ताफे, पण त्या दिवशी बरोबर वकिलांशिवाय कुणी नव्हतं. अप्पा म्हणाले, "त्यांना ही भाषा येती. त्यांचा हात मागा."

बापूसाहेबांनी दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले.

न्यायाधीशांनी अप्पांना गप्प बसायला सांगितलं. ते योग्यच होतं. पण ते खिशात जाणारे हात मी पाहिले, अप्पांनी पाहिले.

पुढच्या बाजारी अप्पा खांद्यावर रुमाल टाकून गेले. कुणी त्यांना शिवी दिली नाही, कुणी अंगावर आलं नाही. "शरणार्थ अप्पा" म्हणाले, चहा पाजला, पावसापाण्याचं विचारलं. मग एका व्यापाऱ्यासमोर अप्पांनी रुमाल धरून हात पुढे केला. तो माणूस हात मागे घेऊन नम्रपणे म्हणाला, "तोंडी सांगा, अप्पा." दुसरा म्हणाला, "तोंडी सांगा." तिसराही तेच. मी लांबून पाहत होते. बैलबाजारात उभ्या असलेल्या दलालाला यापेक्षा मोठी शिक्षा कुठल्याही कोर्टाला देता आली नसती. हबीबभाई समोरच होता. तो बैलाच्या वशिंडाकडे बघत राहिला.

तरी अप्पा दर बाजारी जात राहिले. मी म्हटलं, कशाला जाता? म्हणाले, "हात रिकामा ऱ्हायला की जड व्हतो." संध्याकाळी परत येत, गाईला चारा टाकत आणि ओसरीत बसत. एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. समोर रुमाल घेऊन बसले होते. "तुमी लेकीसारख्या. बसा. समजा, एक देवणी हाय, चार दाती. बोला."

त्यांनी माझा हात रुमालाखाली घेतला. खरखरीत, कोरडा, ऊबदार हात. मला भाषा धड येत नव्हती. मी काहीतरी दाबलं. अप्पा कळवळून म्हणाले, "अवो बाई, इतक्यात शेळी येत न्हाई!" आणि कित्येक महिन्यांनी हसले. तेव्हापासून आमचे बाजार ओसरीतच भरू लागले. नसलेल्या बैलांचे सौदे व्हायचे. मी दर वेळी फसायचे, ते दर वेळी मला रागवायचे. भाव ठरला तरी ते लगेच हात सोडत नसत. मीही ओढून घेत नसे.

खटला अजून चालू आहे. निकाल ऐकायला अप्पा थांबले नाहीत. हिवाळ्यात एका सकाळी पूजेला बसले ते उठलेच नाहीत. लेक बीदरहून आली. लिंगायतांत माणसाला बसवूनच निरोप देतात. अप्पांना भिंतीशी टेकवून बसवलं, विभूती लावली, डाव्या हातावर लिंग ठेवलं. उजवा हात मांडीवर मोकळा होता. तो मोकळा हात मला बघवेना. वाडीची माणसं आली होती, पारूबाई आली होती. बाजारातलं कुणी आलं नव्हतं. मला इतका राग आला होता की रडूही येत नव्हतं.

विधी करणारे जंगमस्वामी आता उचलायचं म्हणाले, तेवढ्यात हबीबभाई आला. थेट अप्पांसमोर मांडी घालून बसला. खांद्यावरचा आपला रुमाल काढला, अप्पांच्या उजव्या हातावर पसरला आणि खाली हात घातला. रुमाल हलत होता. एक बोट, मग दुसरं, मग सगळा पंजा. हबीबभाईच्या चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. फक्त डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

बऱ्याच वेळाने त्याने हात काढला आणि रुमाल तिथेच राहू दिला. रुमालासकट अप्पांना नेलं.

माती देऊन परतताना मी त्याला रस्त्यात गाठलं. मला भांडायचं होतं. जिवंत असताना एकदा आला असतास तर, असं ओरडायचं होतं. तोंडातून मात्र एवढंच आलं, "काय सांगितलंस रे अप्पांना?"

हबीबभाई थांबला. रुमाल नसलेल्या खांद्यावरून त्याने उगाच हात फिरवला.

"बाई," तो म्हणाला, "ते तोंडी सांगत न्हाईत."