हाक न मारणारे आबा

आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, कधी कुणाला हाक मारली नाही. माणसाला नाही आणि जनावरालाही नाही. कुणी हवं असलं की ते उठून त्याच्यापर्यंत चालत जायचे आणि मागून त्याच्या मानेवर हात ठेवायचे. शाळेच्या दिवसांत मला उठवायचे तेही असंच. ऊसतोडीच्या हंगामात पिंपळीच्या रस्त्याला गाडीवानांच्या आरोळ्यांनी कान किटायचे, पण आमची गाडी चिडीचूप कारखान्याच्या वाटेला लागायची. बैलांच्या मानेवर आबांचा हात टेकला की ते चालू लागत. म्हाताऱ्याकडं काहीतरी मंत्र आहे, असं लोक म्हणायचे.

मंत्रबिंत्र काही नव्हता. महायुद्धात आबा ब्रह्मदेशात जाऊन आले होते, एका स्कॉटिश पलटणीबरोबर. ‘घागरेवाल्या गोऱ्यांची पलटण’ एवढं म्हणायचे आणि थांबायचे. तेवढ्या भांडवलावर मी शाळेत मोठा रुबाब केला. आबांनी मशीनगन चालवली, एका साहेबाला पाठीवर घालून नदी पार केली, हे सगळं मीच रचलं. ते त्यांच्या कानावर जायचं तेव्हा मिशीतल्या मिशीत हसायचे. खरं काय ते विचारलं की म्हणायचे, “डोंगर हुता, पाऊस हुता. त्यात काय सांगायचं?”

पुढे मी बारामतीला पाटबंधारे खात्यात कारकून झालो, तरी हा नाद सुटला नाही. पुण्याला माजी सैनिकांच्या कचेरीत खेटे घातले. तिथल्या साहेबांनी सांगितलं, गोऱ्या पलटणींबरोबर गेलेल्या आपल्या माणसांची नोंद फारशी कुणी ठेवलेली नाही. रविवारी सायकल काढून पणदरे, लोणी भापकर, एकदा तर एसटीने थेट इंदापूर, असे म्हातारे फौजी शोधत फिरलो. प्रत्येकाने मला चहा पाजला आणि स्वतःची लढाई ऐकवली. आबांना ओळखणारा कुणी भेटला नाही. इंदापूरच्या फेरीतून एकच गोष्ट हाती लागली. तिथल्या फौजीने आपल्या पुतणीचं स्थळ सुचवलं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझं लग्न झालं.

सुनंदा आली आणि माझ्या हेव्याला तोंड फुटलं. ती पहाटे आबांच्या शेजारी बसून धारा काढायची. काही विचारायची नाही, काही सांगायची नाही. पलटणीतून आणलेला एक पांढरा मग आबांनी जपून ठेवला होता. लहानपणी मी त्याला हात लावला म्हणून माझ्या हातातून तो काढून घेतला होता. लग्नाला महिना झाला नसेल, त्याच मगातून सुनंदा चहा पिताना दिसली. “हा कुणी दिला?” मी विचारलं. “आबांनी. कप धुवायचे राहिले होते,” ती म्हणाली. कप धुवायचे राहिले म्हणून! मी जन्मभर कप धुतले नसते, पण मला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

इकडे माझी खटपट चालूच होती. त्या पुण्याच्या साहेबांकडून स्कॉटलंडातल्या जुन्या सैनिकांच्या एका मंडळाचा पत्ता मिळाला. पत्र टाकलं आणि विसरलो. कैक महिन्यांनी एका फोटोची झेरॉक्स आली. डोंगरातली चिखलाची वाट, उघडे, दाढी वाढलेले गोरे, आणि कडेला एक खेचर. खेचर धरणारा माणूस फोटोच्या बाहेर राहिला होता, फक्त त्याचा हात दिसत होता, जनावराच्या मानेवर ठेवलेला. करंगळी वाकडी होती. ती करंगळी मी आयुष्यभर पाहत आलो होतो.

मी पळत जाऊन झेरॉक्स आबांपुढे धरली. त्यांनी ती उजेडात नेली, जवळ घेतली, लांब धरली. “ह्ये जनावर माझं हाय,” म्हणाले. पुढचं ऐकायला मी खाली बसलो. आबांनी कागदाची घडी केली, बंडीच्या खिशात घातली आणि ते वैरण टाकायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्याच्या दारात गेलो तर आबा बोलत होते. हात हलवून, मान ताणून, सुनंदाला काहीतरी दाखवत होते. तिची बादली तशीच पडली होती. मला पाहिलं आणि आबा गप्प झाले. “काय सांगत होते?” मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, “अहो, ते माझ्याशी बोलत होते.”

जळलो. सरळ सांगतो, अंगाचा तिळपापड झाला. खेटे मी घातले, फोटो मी मिळवला, नातू मी, आणि गोष्ट मिळाली हिला! त्या दिवशी आमटी अळणी आहे म्हणून मी भांडलो. आमटीत मीठ व्यवस्थित होतं. पुढचे कितीतरी दिवस मी तिला खोदून विचारलं, ती बधली नाही. आबांनी सांगू नकोस म्हटलंय, एवढंच उत्तर.

दोनेक वर्षांनी आबांनी अंथरूण धरलं. एका सकाळी मी सायकल घेऊन ऑफिसला निघालो होतो. फाटकाशी पोचलो आणि मागून हाक आली, “वसंताऽऽ!”

आवाज कुणाचा ते मला कळलंच नाही. गोठ्यातल्या गाईंनीसुद्धा माना वर केल्या. मी सायकल टाकून आत धावलो. सुनंदा चुलीपाशी उभी राहून आबांकडे बघत होती. “काय झालं, आबा?”

ते माझ्याकडे बघत राहिले. “काय न्हाय. जा, हापिसाला उशीर हुईल.”

दुपारी ऑफिसात निरोप आला, आबा गेले.

विहारातली वंदना झाली, पाहुणे पांगले. मग एका पहाटे धार काढता काढता सुनंदाने आपण होऊन सांगायला सुरुवात केली. आबा त्या पलटणीची खेचरं हाकायचे. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून खेचरांच्या घशातला आवाज डॉक्टरांनी कापून टाकला होता. त्या वेळी आपल्या खेचराचं डोकं आबांनीच धरलं होतं. नंतर ते तोंड उघडायचं, मान ताणायचं आणि नुसती हवा बाहेर यायची. एकदा ते सुटून चिखलात रुतलं. आबा हाका मारत फिरले, पण त्याला ओ देता येईना. सापडलं तेव्हा संपलं होतं. “तवापासनं मला हाक मारायची लाज वाटती,” आबा तिला म्हणाले होते.

“मग मला का नाही सांगितलं?”

“मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, त्याला शिपाई पायजे, मी तर खेचरवाला. त्याचा शिपाई ऱ्हाऊ दे.”

मला खेचरवाला चालला असता, पण हे आता सांगणार कुणाला? सुनंदाने बादली उचलली. तिचा चेहरा मी इतका रुसलेला कधी पाहिला नव्हता.

“तुम्ही एवढ्यावरून माझ्यावर जळलात,” ती म्हणाली. “त्या सकाळी मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. मला काही बोलले नाहीत. हाक तुम्हाला मारली.”